दहावीनंतर आपले बास्केटबॉलपटू जातात कुठे?



आपल्या शाळेच्या कार्यालयात किंवा स्टाफरूममध्ये जुन्या संघांचे फोटो लावलेले असतात. त्यातला पाच-सहा वर्षांपूर्वीचा बास्केटबॉल संघाचा एक फोटो घ्या. बारा मुलं, हातात चेंडू, बाजूला पीटीचे सर. आता एकेका चेहऱ्यावर बोट ठेवा आणि स्वतःलाच विचारा, हा मुलगा आज कुठे खेळतो? ही मुलगी कोणत्या कॉलेजच्या संघात आहे?

बहुतेक चेहऱ्यांपाशी उत्तर एकच येईल : "दहावीनंतर सोडलं."

आजचा लेख या 'सोडलं' शब्दाबद्दल आहे. कन्हानसारख्या गावातली होतकरू मुलं मागे का पडतात, याची कारणं आपण पटकन सांगतो. उंची कमी, सुविधा नाहीत, नागपूरच्या मुलांसमोर आपला टिकाव लागत नाही. ही कारणं काही अंशी खरी आहेत. पण माझ्या मते मोठं कारण वेगळं आहे. मुलं खेळात कमी पडतात म्हणून थांबत नाहीत. पुढची पायरी कुठे आहे हे त्यांना कोणी दाखवत नाही, म्हणून थांबतात. आणि ती दाखवणारी माणसं दोनच, शिक्षक आणि पालक.

हा खेळ मुळात एका शिक्षकाचा

मुलांना सांगायला छान गोष्ट आहे. बास्केटबॉल हा खेळ डिसेंबर 1891 मध्ये जेम्स नेस्मिथ नावाच्या शारीरिक शिक्षणाच्या शिक्षकाने तयार केला. अमेरिकेत स्प्रिंगफील्डला कडाक्याची थंडी, बाहेर खेळता येईना आणि वर्गातली दांडगी पोरं आवरेनात. त्याने व्यायामशाळेच्या सज्जाला पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या, 13 नियम लिहिले आणि 18 मुलांना नऊ-नऊ जणांत वाटून खेळायला लावलं. सज्जा दहा फुटांवर होता म्हणून टोपली दहा फुटांवर बसली. आजही रिंगची उंची तेवढीच आहे, 3.05 मीटर.

1936 च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये पुरुषांचा बास्केटबॉल पहिल्यांदा खेळला गेला. त्याच ऑलिम्पिकच्या वेळी आपल्या विदर्भातल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनमध्ये भारतीय खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली होती. मैदान आणि शिक्षण यांचं नातं आपल्या भागाला नवीन नाही, हे मुलांना कळायला हवं.

आधी शिडी समजून घेऊ

पालकांशी बोलताना लक्षात येतं की 'स्पर्धा' म्हणजे काय, कोणती स्पर्धा कोण घेतं आणि कशातून पुढे काय होतं, हे बहुतेकांना माहीत नसतं. कधीकधी आपल्या शिक्षकांनाही अर्धंच माहीत असतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिलं दार : शालेय स्पर्धा. या स्पर्धा राज्याचं क्रीडा व युवक सेवा संचालनालय घेतं. जिल्ह्यात ते काम जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय बघतं. वयोगट तीन आहेत, 14 वर्षांखालील, 17 वर्षांखालील आणि 19 वर्षांखालील. मुलं-मुली वेगळे. महानगरपालिकेचं क्षेत्र या स्पर्धांत वेगळा जिल्हा धरतात. कन्हान पारशिवनी तालुक्यात, नगरपरिषदेच्या हद्दीत येतं, म्हणून आपला संघ नागपूर शहरातल्या शाळांशी सुरुवातीलाच भिडत नाही, तर नागपूर ग्रामीणमधून खेळतो. तिथे जिंकलं की विभाग, मग राज्य, आणि राज्याच्या संघात निवड झाली की राष्ट्रीय शालेय स्पर्धा.

इथे एक गोम आहे. सांघिक खेळात जिंकलेल्या शाळेचा संघ पुढे जातो, एकटा खेळाडू जात नाही. समजा तुमच्या शाळेत एक मुलगी अफलातून खेळते, पण बाकीच्या अकरा जणी नवशिक्या आहेत. संघ पहिल्याच फेरीत हरला की तिचा त्या वर्षीचा शालेय प्रवास तिथेच संपला. तिचा दोष काहीच नाही. लहान गावातल्या चांगल्या खेळाडूंचं सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं.

दुसरं दार : संघटनेच्या स्पर्धा. ज्यांना पहिलं दार बंद झालं, त्यांच्यासाठी हे दार आहे, आणि याचीच माहिती सगळ्यात कमी असते. जिल्हा बास्केटबॉल संघटना निवड चाचणी घेऊन जिल्ह्याचा संघ निवडते. तो राज्य अजिंक्यपद स्पर्धेत खेळतो, आणि तिथून राज्याचा संघ राष्ट्रीय स्पर्धेला जातो. साधारणपणे 13, 16 आणि 18 वर्षांखालील असे गट असतात, त्यांना सब-ज्युनिअर, युथ आणि ज्युनिअर म्हणतात. इथे शाळा हरली की जिंकली याला महत्त्व नाही. चाचणीला हजर राहून एकटी मुलगीसुद्धा जिल्हा संघात जाऊ शकते. अट एवढीच की चाचणी कधी आहे हे तिला कळायला हवं आणि त्या दिवशी तिला नागपूरला कोणीतरी न्यायला हवं. कन्हान ते नागपूर जेमतेम वीस किलोमीटर. पण बातमीच पोचली नाही, तर हे अंतर दिल्लीएवढं होतं.

तिसरं दार : कॉलेज आणि विद्यापीठ. अकरावी-बारावीची मुलं अजून शालेय स्पर्धेतच, 19 वर्षांखालील गटात मोडतात. हे अनेकांना ठाऊक नसतं. "शाळा संपली, आता खेळ संपला" असं समजून मुलं जर्सी धुऊन ठेवून देतात. खरं तर अजून दोन वर्षं शिल्लक असतात. त्यानंतर पदवीला आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा येतात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाचा संघ संलग्न कॉलेजांतल्या खेळाडूंमधून निवडला जातो. म्हणजे साध्या कॉलेजातला चांगला खेळाडूही विद्यापीठाच्या संघात येऊ शकतो. विद्यापीठाचा संघ पश्चिम विभाग आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळतो आणि तिथे वरचा क्रमांक आला की अखिल भारतीय स्पर्धेत. खेलो इंडिया विद्यापीठ स्पर्धाही 2020 पासून सुरू झाल्या आहेत.

आता बघा, तीन दारं आहेत. आपण मुलांना पहिलंच दाखवतो, आणि ते बंद झालं की घरी पाठवतो.

शिडी तुटते ती नेमकी कुठे?

पहिली जागा नववीची उन्हाळी सुट्टी. दहावीच्या शिकवण्या त्याच वेळी सुरू होतात. "सर, औंदा दहावी हाय पोरीची, आता खेळ बंद," हे वाक्य पीटीच्या सरांनी किती वेळा ऐकलं असेल! पालकांची काळजी खोटी नाही. पण रोजचा सव्वा तासाचा सराव बंद केला म्हणजे तो वेळ अभ्यासाला जातो, असा अनुभव तुमचाही नसेल. बहुतेक वेळा तो मोबाईलला जातो.

दुसरी जागा अकरावीचा प्रवेश. कॉलेज निवडताना आपण शाखा बघतो, अंतर बघतो, टक्केवारी बघतो. तिथे बास्केटबॉलचा संघ आहे का, क्रीडा शिक्षक आहेत का, हे किती जण विचारतात? चार वर्षं घाम गाळलेली मुलगी जिथे कोर्टच नाही अशा कॉलेजात जाते आणि विषय संपतो.

तिसरी जागा फक्त मुलींसाठी आहे. सातवी-आठवीपर्यंत घरून अडवणूक नसते. पुढे मात्र 'संध्याकाळी उशीर', 'बाहेरगावी मुक्काम', 'हाफ पँट' असे एकेक प्रश्न येतात. यावर भाषण देऊन उपयोग होत नाही, सोय करावी लागते. सराव सकाळी सहा ते साडेसात ठेवा. मुली चौघी-पाचजणी मिळून येतील-जातील असं बघा. बाहेरच्या सामन्याला शाळेतल्या एक बाई सोबत असतीलच हे आधी लेखी कळवा. आयांपैकी एकीला आळीपाळीने सोबत न्या. ज्या आईने एकदा मुलीचा सामना बेंचजवळ बसून पाहिला, ती पुढच्या वेळी परवानगीसाठी अडून बसत नाही.

आणि एक बारीक गोष्ट. अंगात रक्त कमी असलेली मुलगी दुसऱ्या डावापर्यंत थकते आणि आपण म्हणतो, "हिच्यात दम नाही." वर्षातून एकदा हिमोग्लोबिन तपासून घ्या. डब्यात भिजवलेले चणे, शेंगदाणे-गूळ, पालेभाजी, चालत असेल तर अंडं. महागडी पावडर लागत नाही.

होतकरू खेळाडू ओळखायचा कसा?

"उंच आहे ना, घ्या बास्केटबॉलमध्ये!" ही आपली निवड पद्धत. उंचीचा फायदा होतोच, नाही कसं म्हणता येईल? पण बारा-तेराव्या वर्षी दिसणारी उंची फसवी असते. काही मुलांची वाढ लवकर होते, काहींची उशिरा. 14 वर्षांखालील गटात जो पोरगा सगळ्यांच्या डोक्यावरून बॉल टाकतो, तो कधीकधी सतराव्या वर्षी सरासरी उंचीचा ठरतो, आणि तेव्हा त्याच्याकडे ना ड्रिबल असतो ना पास, कारण त्याला कधी गरजच पडली नाही. उलट बाकावर बसलेला किरकोळ मुलगा मागून झपाट्याने वाढतो. पण तोपर्यंत आपण त्याला संघातून काढलेलं असतं.

जन्मतारखेचाही असाच खेळ आहे. वयोगटाची मोजणी 1 जानेवारीपासून होते. एकाच गटात जानेवारीत जन्मलेला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात जन्मलेला, दोघं एकत्र खेळतात. बाराव्या वर्षी हा अकरा महिन्यांचा फरक फार मोठा असतो. निवड करताना हजेरीपटातली जन्मतारीख शेजारी ठेवून बघा. 'कच्चा' वाटणारा मुलगा कच्चा आहे की फक्त लहान आहे, ते कळेल.

मग बघायचं काय? माझ्या अनुभवात या गोष्टी टोपल्यांच्या संख्येपेक्षा जास्त सांगतात :

1. चेंडू हातातून गेल्यावर तो काय करतो? कपाळाला हात लावून उभा राहतो की बचावाला मागे धावतो?
2. उजव्या हाताचा खेळाडू डाव्या हाताने ड्रिबल करायचा प्रयत्न करतो का? चुकला तरी करतो का?
3. धावत येऊन दोन पायांवर नीट थांबता येतं का? हातांपेक्षा पाय आधी बघा.
4. मोकळ्या जागी उभा असलेला सोबती त्याला दिसतो का, की डोळे फक्त रिंगवर असतात?
5. सरावाच्या शेवटी, दमलेला असताना, दहापैकी किती फ्री थ्रो जातात?
6. ज्या दिवशी त्याला खेळवलं नाही, त्याच्या दुसऱ्या दिवशी तो येतो का?

सहावा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आपल्याच रेल्वेमार्गावरचा धडा

"हे सगळं मोठ्या शहरात होतं," असं कोणी म्हणालं तर त्यांना कन्हान स्टेशनवरून बिलासपूरकडे जाणाऱ्या गाडीत बसवा. भंडारा रोड, गोंदिया, डोंगरगड पार केलं की राजनांदगाव येतं आणि पुढे भिलाई. ही दोन नावं भारतीय मुलींच्या बास्केटबॉलमध्ये सगळ्यांना माहीत आहेत. भिलाईत राजेश पटेल या प्रशिक्षकाने छत्तीसगडच्या गावागावांतून मुली शोधल्या, त्यांच्या राहण्याजेवणाची सोय लावली आणि वर्षानुवर्षं सराव घेतला. तिथल्या मुलींनी राष्ट्रीय विजेतेपदं मिळवली. अनेक जणी भारतीय संघात गेल्या, अनेकींना रेल्वेत नोकरी लागली. राजनांदगावलाही प्रशिक्षकांनी असंच चिकाटीने काम उभं केलं.

या मुली काही श्रीमंत घरातल्या नव्हत्या. मग तिथे होतं काय? एक कोर्ट. रोज येणारा आणि बदलून न जाणारा एक प्रशिक्षक. आणि खेळाडूला पुढे नोकरी देणाऱ्या संस्था. या तीन गोष्टी जिथे एकत्र आल्या तिथे खेळाडू घडले.

दुसरं उदाहरण मुंबईच्या नागपाड्याचं. दाट वस्ती, चाळी, गजबज, आणि त्यात नागपाडा नेबरहूड हाऊसचं कोर्ट. तिथल्या पोरांमधून अब्बास मुंतसिर पुढे आले, भारताचे कर्णधार झाले आणि 1970 चा अर्जुन पुरस्कार त्यांना मिळाला. मोठी मुलं खेळायची, लहान मुलं बाजूला उभी राहून बघायची आणि अंधार पडताना मैदान मिळालं की तेच डाव करून बघायची. पिढ्यान् पिढ्या खेळाडू असे तयार झाले.

आता आपल्या कन्हानकडे बघा. आजूबाजूला कोळसा खाणी, गावात रेल्वे जंक्शन, नदीपलीकडे कामठीची छावणी. ज्या क्षेत्रांनी देशभरात खेळाडूंना नोकऱ्या दिल्या, ती सगळी आपल्या दारात आहेत. रेल्वे तर क्रीडा कोट्यातून बास्केटबॉलपटू घेतेच. पुण्याची शिरीन लिमये, जी भारतीय महिला संघाची कर्णधार झाली, तीही रेल्वेकडून खेळणारी. म्हणजे तिसरी गोष्ट आपल्याजवळ आहे. कमी आहे ती पहिल्या दोन गोष्टींची, आणि त्या शाळा व पालक मिळून उभ्या करू शकतात. पूर्ण कोर्ट 28 बाय 15 मीटरचं असतं, पण सुरुवातीला अर्धं कोर्ट आणि एक रिंग पुरते. लहान मुलांसाठी रिंग 2.60 मीटरवर लावा आणि 5 नंबरचा चेंडू द्या. मोठा चेंडू आणि उंच रिंग दिली की लहान मुलं छातीतून ढकलून चेंडू फेकतात, आणि ती सवय पुढे जाता जात नाही.

परदेशी कॉलेजचं स्वप्न आणि नववीचे मार्क

हल्ली मुलं मोबाईलवर एनबीए बघतात. पंजाबातल्या बल्लो के या लहानशा गावचा सतनाम सिंग 2015 मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये 52 व्या क्रमांकावर निवडला गेला, हे त्यांना पाठ असतं. एनबीए अकॅडमीच्या भारतातल्या उपक्रमांतून अमान संधू आणि हरसिमरन कौर यांच्यासारखे खेळाडू अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या संघांपर्यंत पोचले. स्वप्न बघण्यात गैर काहीच नाही. पण त्या स्वप्नाची अट मुलांना माहीत नसते, ती आपण सांगायला हवी.

अमेरिकेत कॉलेजच्या वरच्या गटातल्या संघातून खेळायचं असेल तर विद्यार्थ्याने नववी ते बारावीत 16 मुख्य विषय-अभ्यासक्रम पूर्ण केलेले लागतात आणि त्यात किमान ठरावीक सरासरी लागते. भाषा, गणित, विज्ञान, सामाजिक शास्त्र हेच ते विषय. म्हणजे नववीत "मी खेळाडू आहे" म्हणून गणित सोडून दिलं, तर चार वर्षांनी खेळामुळे नाही, गणितामुळे दार बंद होतं!

म्हणून 'खेळ की अभ्यास' हा प्रश्नच चुकीचा आहे. आपल्याकडेही तसंच. दहावी-बारावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे, खेलो इंडियात निवड झालेल्या खेळाडूंना मदत मिळते. पण सवलतीच्या गुणांसाठी आधी परीक्षा द्यावी लागते आणि नोकरीसाठी शैक्षणिक पात्रता लागतेच. सगळीच प्रमाणपत्रं चालतात असंही नाही, ठरावीक पातळीवरची कामगिरी असावी लागते. आणि सगळ्यांनी देशाकडून खेळावं असंही नाही. बी.पी.एड. करून शिक्षक होणं, पंच परीक्षा देणं, पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेतून प्रशिक्षक होणं, या वाटाही मानाच्या आहेत. कन्हानला पुढची वीस वर्षं सराव घेणारा माणूस आज सातवीत बसलेला असू शकतो.

इथे दोन सावधगिरीच्या गोष्टी. पहिली : "अमुक रक्कम भरा, परदेशी शिष्यवृत्ती मिळवून देतो," असं सांगणारे भेटतात. खरी निवड खेळ बघून आणि गुणपत्रिका बघून होते. आगाऊ पैसे मागणाऱ्यांपासून चार हात लांब राहा. दुसरी : जन्मतारीख. "एक वर्ष कमी दाखवू, काय फरक पडतो?" असं कोणी सुचवलं तर ठाम नाही म्हणा. वरच्या पातळीवर वयाची वैद्यकीय तपासणी होऊ शकते, हाडांच्या एक्स-रेवरून वयाचा अंदाज काढतात. पकडला गेला तर बंदी त्या पोरावर येते. आणि पकडला गेला नाही तरी, ज्या लहान मुलाची जागा त्याने घेतली ते मूलही आपल्याच वर्गातलं असतं.

वर्गात करून पाहा

हा उपक्रम नववी-दहावीच्या गणिताच्या शिक्षकांसाठी. रिंगचा आतला व्यास 45 सेंमी असतो. मोठ्या मुलांच्या 7 नंबर चेंडूचा व्यास साधारण 24 सेंमी. मुलांना विचारा : चेंडू सपाट मारावा की उंच कमान करून?

चेंडू जमिनीशी ज्या कोनात खाली येतो, त्या दिशेने पाहिलं तर गोल रिंग चपटी दिसते. तिची दिसणारी रुंदी म्हणजे 45 गुणिले त्या कोनाचा साइन.

- सरळ वरून, 90° : 45 सेंमी
- 60° : सुमारे 39 सेंमी
- 45° : सुमारे 32 सेंमी
- 30° : 22.5 सेंमी

शेवटचा आकडा फळ्यावर आला की थांबा. 24 सेंमीचा चेंडू 22.5 सेंमीच्या फटीतून कडेला न लागता जाईल का? मुलं आपोआप ओरडतील, "नाही जाणार सर!" आता त्यांना मैदानावर न्या आणि सपाट व कमानदार दोन्ही शॉट मारून बघायला सांगा. ज्या मुलाला साइन, कोसाइन डोक्यावरून जातं, तो बास्केटबॉल खेळणारा मुलगा त्या दिवशी वर्गाला समजावून सांगेल. ही संधी त्याला जरूर द्या.

पाचवी-सहावीसाठी सोपा उपक्रम : प्रत्येकाने रोज दहा फ्री थ्रो टाकायचे, वहीत लिहायचे आणि महिनाअखेर शेकडेवारी व स्तंभालेख काढायचा. शतमान, सरासरी, आलेख एकाच वहीत.

या वर्षी एवढंच करू या

शिक्षकांसाठी :

- प्रत्येक खेळाडूचं एक पान असलेली नोंदवही ठेवा. जन्मतारीख, दर तीन महिन्यांनी उंची, सरावाची हजेरी, दहापैकी फ्री थ्रो, आणि चाचणी परीक्षेचे गुण. खेळ आणि गुण एकाच पानावर दिसले की पालकांशी बोलणं सोपं जातं.
- जून-जुलैमध्येच जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालय आणि जिल्हा संघटना, दोन्हींकडून वर्षाचं वेळापत्रक मिळवा आणि सूचना फलकावर लावा.
- संघ हरला तरी चांगल्या दोन-तीन खेळाडूंना संघटनेच्या निवड चाचणीला पाठवा. संघ हरला म्हणून खेळाडू हरला नाही.
- दहावीच्या निरोप समारंभाआधी प्रत्येक खेळाडूला विचारा, पुढे कुठे प्रवेश घेणार? त्या कॉलेजच्या क्रीडा शिक्षकांना स्वतः फोन करा. पाच मिनिटांचं काम आहे.
- माजी खेळाडूंना रविवारी सरावाला बोलवा. लहान मुलं त्यांच्याकडून पटकन शिकतात.

पालकांसाठी :

- प्रमाणपत्रांची एक फाईल करा. मूळ प्रत, झेरॉक्स आणि मोबाईलमध्ये फोटो. पुराच्या पाण्यात किंवा घर बदलताना हरवलेलं प्रमाणपत्र पुन्हा मिळवणं फार जिकिरीचं असतं.
- जन्मदाखला, आधार आणि शाळेतली नोंद, तिन्हीकडे नाव आणि जन्मतारीख एकसारखी आहे का, आजच तपासा. एका वेलांटीच्या फरकाने प्रवेशिका अडकते.
- दहावीला सराव बंद करू नका, कमी करा. परीक्षेआधीचे दोन महिने आठवड्यातून तीन दिवस, तेही चाळीस मिनिटं, एवढंही चालेल. धागा तुटता कामा नये.
- अकरावीचं कॉलेज बघायला जाल तेव्हा कार्यालयात फीबरोबर आणखी एक प्रश्न विचारा : "इथे बास्केटबॉलचा संघ आहे का?"
- सामना बघायला जा. तिथे सूचना देऊ नका, रागावू नका. फक्त बसा.

बारा जणांच्या संघातले बाराही जण पुढे खेळतील असं नाही, तशी अपेक्षाही नको. पण ज्याला सोडायचं आहे त्याने आपल्या मर्जीने सोडावं, रस्ता माहीत नव्हता म्हणून नको. या वर्षी दहावीत असलेल्या तुमच्या संघातल्या खेळाडूंची नावं आज एका कागदावर लिहा, आणि प्रत्येकासमोर पुढच्या कॉलेजचं नाव लिहायला जागा मोकळी सोडा. जूनपर्यंत ती जागा भरायची, एवढंच आपलं काम.